चौथ्या पट्टीवरची एक रेघ

१

आकाराम सुभेदार गेल्याचं मला गुरुवारी सकाळी कळलं. तासाभरात लालासाहेबांचा फोन आला.

"डॉक्टर, तुमच्या त्या घरगुती चाचणीनं माणूस मारला. अकरा जण अजून अंथरुणात आहेत. सोमवारी तालुक्याची समिती बसतेय. मी कागद तयार ठेवलाय. चाचणी रद्द, भेटी बंद आणि उत्कर्षा घरी."

लालासाहेब म्हणजे आष्ट्याच्या अलीकडे रस्त्यालगत असलेल्या 'अण्णा-आक्का निवास'चे अध्यक्ष. चौतीस म्हाताऱ्या माणसांचं ते घर माझ्या आरोग्य केंद्राच्या हद्दीत येतं. सुभेदार त्या चौतिसांतलेच, फौजेतून निवृत्त झालेले. उत्कर्षा तिथली नर्स, वय चोवीस. आणि 'तुमची चाचणी' असं ते म्हणाले त्यात खोटं काही नव्हतं. तो आदेश माझ्याच हातचा होता.

कोरोना आल्यापासून दीड-पावणेदोन वर्षं त्या घराचं फाटक बंदच होतं. भेटायचं असेल तर प्रयोगशाळेचा अहवाल आणा, असा नियम. सांगलीला नमुना द्यायचा, दोन-तीन दिवस वाट बघायची, आणि अहवाल हातात पडेपर्यंत तो शिळा झालेला असायचा. त्यामुळे कुणी येतच नसे. २०२१ च्या डिसेंबरात आमच्या केंद्रातल्या आरोग्य सहायिका मंगलताई एका मीटिंगमध्ये सरळ म्हणाल्या, "सर, घरी करायची चाचणी मेडिकलच्या दुकानात मिळतीय. सरकारनंच तिला मान्यता दिलीय. मग दुकानात चालती ती आपल्या दारात का चालत न्हाई?"

मी आदेशाचा मसुदा लिहायला घेतला. समितीनं तो तीन महिन्यांसाठी, प्रयोग म्हणून मान्य केला. बाहेरून आत येणाऱ्यानं, मग तो पाहुणा असो की कामाचा माणूस, निवासाच्या ओसरीत बसून, नर्ससमोर, स्वतः काडी नाकात फिरवायची. ती नळीतल्या औषधात बुडवायची, तीन थेंब पट्टीवर टाकायचे. नर्सनं पट्टीवर नाव आणि वेळ लिहायची, पंधरा मिनिटांनी फोटो काढायचा. एक रेघ आली तर आत. दोन आल्या तर परत.

सुभेदारांना बुधवारी, बारा जानेवारीला ताप आला होता. त्याआधीच्या रविवारी बाहेरून आत आलेली माणसं चारच. चार पट्ट्यांचे चार फोटो माझ्या टेबलावर होते, आणि चारही पट्ट्यांवर एकच रेघ होती.

२

मंगलताईंचं वय बावन्न. माहेर कवठे महांकाळकडचं, मेंढपाळाच्या घरातलं. सही करताना अजून ओठ हलतात, पण साथीच्या वेळी गावात पहिला आजारी कोण हे त्यांच्याआधी कुणाला सापडलेलं मी पाहिलेलं नाही. शुक्रवारी सकाळी त्यांनी चारही फोटो चष्मा वर करून, अगदी जवळ धरून पाहिले.

"नावं सांगा सर."

मी सांगितली. पहिली पट्टी उत्कर्षाची स्वतःची. दुसरी स्वयंपाकीण बनुबाईंची. त्या आष्ट्यातून रोज ये-जा करतात. तिसरी सुभेदारांचा मुलगा तानाजी, हा साताऱ्यात कंपनीत असतो. चौथी भाऊसो, सुभेदारांचा जुना मित्र.

"लालासाहेब उत्कर्षावर का घसरलेत?"

"ती आदल्या दिवशी मावसबहिणीच्या साखरपुड्याला गेली होती. आणि तानाजी म्हणतो, तिनं चाचणीकडं नीट लक्षच दिलं नाही. तो पोलिसांत जायचं म्हणतोय."

"उत्कर्षा आजारी पडली का?"

"नाही. तिची प्रयोगशाळेतली चाचणीसुद्धा दोनदा निगेटिव्ह आली."

"तानाजी?"

"त्याच्या कंपनीत दर सोमवारी तपासतात. दहा तारखेला निगेटिव्ह, सतराला निगेटिव्ह. कागद पाठवलाय त्यानं."

"बनुबाई?"

"पॉझिटिव्ह. पण सुभेदारांच्या दोन दिवसांनंतर. घरी कुणीही आजारी नव्हतं."

"म्हणजे तिला आतनं लागलं." ताईंनी तीन फोटो बाजूला सारले. चौथा तेवढा समोर राहिला. "ह्या भाऊसोंची विचारपूस कुणी केली?"

कुणीच केली नव्हती. म्हातारा माणूस, पट्टीवर स्वच्छ एक रेघ, घर सत्तर किलोमीटरवर. त्याचा फोन लागत नव्हता.

"सर, ह्या पट्टीवर हे काय लिहिलंय?"

नावाखाली '१४३५' असा आकडा होता. "किटचा नंबर असेल," मी म्हणालो.

ताईंनी बाकीच्या तीन पट्ट्या पुन्हा ओढून घेतल्या. 'स. ७.१०', 'स. ७.३०', 'स. ११.१५'. सगळं एकाच गोल, शाळकरी अक्षरात.

"चला," त्या म्हणाल्या. "त्या पोरीला भेटूया. ती कायतरी पोटात ठेवून बसलीय."

३

उत्कर्षा औषधांच्या खोलीत उभी होती. आमच्यासमोर बसायला तयार होईना. ताईंनी दार लोटून घेतलं आणि चौथा फोटो तिच्या हातात दिला.

"हे अक्षर तुझं न्हाई."

तिनं मान खाली घातली.

"उत्कर्षा, मी तुझी नोकरी घालवायला आलेली न्हाई. पण तू गप्प बसलीस तर ती जाणार हाय. सांग."

"दहा मिनिटं," ती म्हणाली. "दहाच मिनिटं मी तिथं नव्हते, ताई. भाऊसोबाबांना किट दिलं, आणि आतनं ओरडा आला. रंगूबाई न्हाणीघरात घसरल्या होत्या. मी पळाले. त्यांना उचललं, कॉटवर झोपवलं. परत आले तवा पट्टी टेबलावर होती. थेंब टाकलेले, नाव लिहिलेलं. मी पंधरा मिनिटं मोजली आणि फोटो काढला."

"आधी का सांगितलं न्हाईस?"

"समोर बसूनच चाचणी करायची असा आदेश हाय. मी तो मोडला." तिनं माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेनं मला माझाच कागद आठवला. चौतीस माणसांना एक नर्स, आणि ती टेबल सोडून उठली तर काय करायचं, ह्याबद्दल मी एक ओळही लिहिली नव्हती.

"त्या दहा मिनिटांत टेबलापाशी कोण होतं?" ताईंनी विचारलं.

"भाऊसोबाबा. आणि पलीकडं सुभेदार. ते सकाळपासून वाट बघत होते."

"सुभेदारांना ही चाचणी करता यायची?"

"आवं ताई, तेच तर बाकीच्यांना शिकवायचे. दर शुक्रवारी सगळ्यांची असते. माझ्यापेक्षा त्यांचा हात सफाईचा."

ताई माझ्याकडं वळल्या. "सर, फौजेतला माणूस दुपारचे दोन पस्तीस कसे लिहितो?"

मी फोटो पुन्हा पाहिला. चौदा पस्तीस. तो किटचा नंबर नव्हताच. ती वेळ होती.

"म्हणजे पट्टी सुभेदारांनी भरली," मी म्हणालो. "पण त्यात काय? मित्राचा हात थरथरत असेल, म्हणून मदत केली असेल."

"असंल की," ताई म्हणाल्या. "बनुबाईंना इचारूया."

४

बनुबाई आष्ट्यात आपल्या घरी होत्या, अजून अशक्त. अंगणाच्या कडेला खुर्ची टाकून, तोंडाला पदर लावून त्या लांबूनच बोलल्या.

"सुभेदारावानी माणूस न्हाई बगा. जेवण झालं की सोताचं ताट सोता घासणार."

"त्या रविवारी काय बघितलंत?"

"च्या घिऊन गेले बागंत. बाकावर दोगं बसले हुते. सुभेदार रडत हुते." त्यांनी पदर सारखा केला. "सात वरसं झाली मला तिथं. मालकीण गेल्याली सांगताना बी त्येंच्या डोळ्यात पानी न्हाई बगितलं मी. त्या दिशी त्या म्हाताऱ्याचा हात धरून ल्हान पोरावानी रडत हुते."

"आणि मग?"

"मग काय, म्हातारा गेला. सुभेदार मला म्हनले, बनुबाई, माजं ताट आजपास्नं दाराबाहेर ठेवा. सामानाच्या खोलीत कॉट नेली त्येंनी. भजनाला न्हाई, टीव्हीला न्हाई. म्या इचारलं तर म्हनले पाठ दुकतीय. पर मी येडी. ताट न्यायला गेले तवा दार उघडं दिसलं. आत बसून थोडं बोलले. एकटा माणूस, वाईट वाटलं मला."

ताईंनी हळूच विचारलं, "हे कवापासनं? ताप आल्यावर?"

"न्हाई वो. रविवारीच. दिवेलागणीला."

परत येताना गाडीत मी म्हणालो, "ताप बुधवारी आला. ते वेगळे झाले रविवारी."

"व्हय सर."

"म्हणजे आपल्याला लागण होणार हे त्यांना माहीत होतं."

"पट्टीवर एक रेघ असताना. सगळ्यांना भाऊसो बरा हाय असं वाटत असताना." ताई बाहेर उसाकडं बघत होत्या. "ती रेघ खोटी हाय हे एकट्या सुभेदारांना ठाऊक हुतं. पट्टी बदलली न्हाई, किट बदललं न्हाई. मग बदललं काय?"

मला कळलं, आणि कळल्याचं बरं वाटलं नाही.

"पण हा नुसता अंदाज झाला," मी म्हणालो. "लालासाहेब दोन मिनिटांत उडवून लावतील."

"म्हणून तर उद्या माझ्या माहेराकडं, भाऊसोंच्या वस्तीवर जायचं."

५

शनिवारी सकाळी आम्ही निघालो. मिरज मागं पडलं तसा ऊस विरळ झाला, मग माळ आणि बाभळी सुरू झाल्या. कवठे महांकाळच्या पुढं सात-आठ किलोमीटरवर भाऊसोंची वस्ती. वाडग्यात मेंढरं होती, आणि उन्हाला घोंगडीवर एक हडकुळा म्हातारा बसला होता. डोक्यावर मुंडासं नव्हतं. मुंडन केलेलं डोकं, त्यावर तीन-साडेतीन आठवड्यांचे पांढरे खुंट.

ताईंनी आपण कुठल्या, कुणाच्या, ते सांगितलं. नातं कुठंतरी लागलं. म्हाताऱ्याचा चेहरा उजळला.

"निवासाकडनं आलाय व्हय? मग सुभेदार बरा हाय न्हवं? माजा फोन बिगाडलाय. पोरगं म्हनतंय दुरुस्त करतो, करतो."

ताई खाली, मातीतच बसल्या. मी उभाच राहिलो.

"भाऊसो, सुभेदार गेले. परवा पहाटं."

वाडग्यातलं एक कोकरू ओरडत होतं, त्याच्याकडं म्हातारा बघत राहिला. मग सवयीनं कमरेची डबी काढली, चिमूटभर तपकीर घेतली आणि नाकात ओढली. अर्धी तपकीर घोंगडीवर सांडली. दोन्ही नाकपुड्यांच्या कडा तपकिरी झालेल्या होत्या. त्या आजच्या नव्हत्या, वर्षानुवर्षांच्या होत्या.

ताईंनी माझ्याकडं पाहिलं. मग त्याच्याकडं.

"ती काडी तुमच्या नाकात गेलीच न्हाई, न्हवं?"

"न्हाई," तो म्हणाला. आणि मग सगळं सांगितलं.

सुभेदारांच्या उसाच्या रानात त्याची मेंढरं चाळीस वर्षं बसत आली. ऊस तुटून गेला की हा कळप घेऊन यायचा, महिनाभर रानात मुक्काम. त्याची बायको हरणाबाई सुभेदारांना राखी बांधायची. सुभेदारांना सख्खी बहीण नव्हती. अठ्ठावीस डिसेंबरला हरणाबाई झोपेतच गेली.

"फोनवर सांगू कसं? पोरगं म्हनलं, म्या सांगतो. म्या म्हनलं, न्हाई. त्येच्या भनीचं त्येला म्याच सांगनार. एस्टीचा संप. दुधाच्या गाडीत बसलो, मग वडापाच्या जीपमदी. दोन दिस कणकण हुती, पर मला वाटलं थंडी हाय."

"मग?"

"त्या पोरीनं काडी दिली आन पळाली. म्या सुभेदाराला म्हनलं, गड्या, मला ताप हाय, दोन रेघा येत्याल, मी जातो माघारी. घाम पुसाया मुंडासं काढलं. त्येनं माजं डोकं बगितलं." भाऊसोनं स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला. "कोण गेलं रं, म्हनला. मला बोलताच येईना. तवा त्येनं माज्या हातातली काडी घेतली आन सोताच्या नाकात घातली. म्हनला, सत्तर किलोमीटर आलायस, आत बसून सांग. माजं मी बगतो. कुनाला लागू देत न्हाई."

"तुमी अडवलं न्हाई?"

"न्हाई अडवलं." त्यानं पहिल्यांदाच आमच्याकडं सरळ पाहिलं. "अडवायला पायजे हुतं. मला बसायचं हुतं त्येच्याजवळ. मला लय बसायचं हुतं, बाय."

थोड्या वेळानं ताईंनी पिशवीतून नवं किट काढलं आणि कशासाठी हवंय ते त्याला समजावून सांगितलं. त्यानं निमूट काडी फिरवली. मी थेंब टाकले. रेघ एकच आली. आजार सरला होता. पण थेंब टाकायच्या खळग्याभोवती तपकिरी डाग उमटला होता. मी जुना फोटो शेजारी धरला. त्यातला खळगा पांढराशुभ्र होता.

आम्ही उठलो तेव्हा तो म्हणाला, "कागदावर माजं नाव लिवा. त्या पोरीचं खोडा. आन सुभेदाराच्या लेकाला सांगा, मी हितंच हाय. त्येला काय करायचं त्ये त्येनं करावं."

६

सोमवारी समितीपुढं ताईंनी दोन्ही पट्ट्या ठेवल्या आणि सगळं क्रमानं सांगितलं: अक्षर, वेळ लिहायची पद्धत, रविवारच्या संध्याकाळी सामानाच्या खोलीत गेलेली कॉट, तपकिरीचा डाग. तानाजी मागच्या खुर्चीत बसला होता. हरणाबाईंचं नाव आलं तसा तो ताठ झाला.

लालासाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे माझंच म्हणणं खरं ठरलं. ह्या चाचणीत फसवाफसवी होते. प्रयोगशाळेचा अहवालच हवा."

"साहेब, पट्टीनं फसवलं न्हाई," ताई म्हणाल्या. "नाव चुकीचं हुतं, रेघ बरोबर हुती. त्या दिवशी सुभेदार निरोगी हुते, एवढंच ती सांगत हुती."

"पण माणूस तर मेला ना?"

"मेला. अकरा जण पडले. त्यात भाऊसोंची चूक हाय, सुभेदारांची हाय. ती मी झाकत न्हाई. सुभेदारांना वाटलं, एकट्यानं वेगळं राहून भागंल. न्हाई भागलं. पण आमचा आदेश वाचा. निगेटिव्ह आला तर काय करायचं, ह्यावर अर्धं पान हाय. पॉझिटिव्ह आला तर? तीन शब्द. 'परत पाठवण्यात यावे.' माणूस बहिणीच्या मरणाची खबर घेऊन आलाय, आणि आपण त्याला सांगतोय, खरं बोललास तर जा. मग खरं कोण बोलंल?"

ते तीन शब्द माझे होते. मी उठून तसं सांगितलं. उत्कर्षाला टेबल का सोडावं लागलं, तेही सांगितलं.

समितीच्या अध्यक्षस्थानी बसलेल्या बाईंनी तानाजीला विचारलं, त्याला तक्रार करायची आहे का. तो उभा राहिला.

"मी महिन्यातनं एकदा जायचो," तो म्हणाला. "अर्धा तास बसायचो. बाबा माझ्याजवळ कधी रडले न्हाईत." तो पुन्हा खाली बसला. "उत्कर्षाबद्दल माझी तक्रार न्हाई. त्या म्हाताऱ्याबद्दल मला अजून काही समजत न्हाई. मला थोडा वेळ द्या."

त्यानं पुढं काय केलं मला माहीत नाही. भाऊसोला माफी मिळाली की नाही, हेही माहीत नाही. अहवालात नाव त्याचंच आहे, त्याच्याच इच्छेनं. शेजारी सुभेदारांचंही.

समितीनं चाचणी रद्द केली नाही. टेबलापाशी दुसरं माणूस नेमलं, आणि आदेशातले ते तीन शब्द खोडून त्या जागी पाच ओळी लिहायला लावल्या. त्या लिहायला मला दोन दिवस लागले. लालासाहेबांनी विरोधात मत नोंदवलं, पण दोन रेघा आलेल्या पाहुण्यांसाठी बागेच्या कुंपणालगत पत्र्याची शेड त्यांनीच उभी करून दिली. मधे बारा फुटांचं अंतर, दोन्ही बाजूंना बाक, आणि आवाज पोचावा म्हणून एक जुना माईक.

फेब्रुवारीच्या शेवटी मी तिथं तपासणीला गेलो होतो. मेढ्याहून एक बाई आली होती, संयोगिता नावाची. आईला भेटायला डोंगर उतरून तीन गाड्या बदललेल्या. उत्कर्षानं किट दिलं. बाईनं स्वतः काडी फिरवली, थेंब टाकले आणि पट्टीवर नजर लावून बसली.

पंधरा मिनिटं भरली नव्हती. उत्कर्षा अजून वहीत लिहीत होती. त्या बाईनं पट्टी उचलली, मास्क नीट ओढून घेतला आणि स्वतःच चार पावलं मागं सरली.

"ताई," ती म्हणाली, "दोन रेघा आल्यात. मी कुठं बसू?"